गरोदर मातांची बैठक, हातात चाळीस मिनिटं: आधी काय सांगायचं?

उपकेंद्रातली ताई

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दर महिन्याच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाला गरोदर मातांची बैठक घ्यायची असते. चाळीस मिनिटं, पंधरा-वीस बायका, शेजारी सासवा. निम्मा वेळ पपई, ग्रहण आणि केशर यांतच जातो. बाळाच्या वाढीवर खरोखर परिणाम करणाऱ्या गोष्टी राहून जातात, म्हणून इथे विचारते.

परिस्थिती अशी:

१. बहुतेकींची नोंदणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात होते. तेव्हा फॉलिक ॲसिड सुरू करून काय साधतं?
२. माळकरी घरं बरीच आहेत. अंडं-मटण नाहीच. बी-१२ चं काय करायचं?
३. लाल गोळी (लोह-फॉलिकची) "पचत नाही" म्हणून पत्र्याच्या डब्यात साठते. काहींचं हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने ९ वर अडकलंय.
४. द्राक्षबागेची मजुरी सगळ्यांनाच लागते: पेस्टिंग, डिपिंग, विरळणी. "काम बंद करा" म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. नेमकी कुठली कामं टाळायची?
५. मिश्री, कल्हईची भांडी, चूल. यांतलं आधी कशावर बोलायचं?

"सकस आहार घ्या, आनंदी राहा" छापाची उत्तरं नकोत. मात्रा, वेळा आणि कारणं हवीत.

---

ताकभात

प्रश्न चांगला मांडलाय. माझं मत विचाराल तर ज्या गोष्टींना तारीख आहे त्या आधी, बाकीच्या नंतर. गर्भ काही गोष्टींसाठी थांबत नाही.

पहिली तारीख फॉलिक ॲसिडची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन दोन आठवडे होईतो काम उरकलेलं असतं. दहाव्या आठवड्यात नोंदणी झालेल्या बाईला फॉलिक ॲसिड द्यायचंच आहे, रक्त तयार व्हायला ते लागतं, पण त्या नळीसाठी उशीर झालेला असतो. म्हणून हा विषय गरोदर मातांच्या बैठकीतला नाहीच. आशाताईंकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतं. त्यातल्या नवीन लग्न झालेल्या आणि दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या बायकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधी निदान एक महिना, शक्यतो तीन. गोळी पोचवायची ती या यादीत.

इथे एक चूक नेहमी होते. औषधाच्या दुकानात "फॉलिकची गोळी द्या" म्हटलं की ५ मिलिग्रॅमची हातात पडते. ती नेहमीच्या मात्रेच्या बारापटीहून जास्त. ती मात्रा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता अशा बाईसाठी आहे, किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेली. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांत ४ मिलिग्रॅम दिल्यावर पुन्हा तसा दोष येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं, हे १९९१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. सरसकट प्रत्येकीला ५ मिलिग्रॅम देण्यात फायदा नाही, आणि शाकाहारी घरात तर तोटा असू शकतो. तो असा:

फॉलिक आणि बी-१२ एकाच साखळीतल्या दोन कड्या आहेत. एक भरपूर आणि दुसरी रिकामी असली की साखळी अडते. याचा सगळ्यांत चांगला पुरावा आपल्याच दारातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश मातांचं बी-१२ कमी होतं. ज्यांचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. त्याच अभ्यासातली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण वजन कमी असूनही पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडले ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. पुढच्या मधुमेहाची पायाभरणी इथे होते.

यावरून फॉलिक बंद करा असा अर्थ कृपया काढू नका. बी-१२ जोडा, एवढंच. शासकीय लाल गोळीत लोह आणि फॉलिक असतं, बी-१२ नसतं, हे कितीतरी कर्मचाऱ्यांनाही माहीत नसतं.

गरोदरपणात दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ लागतं. १०० मिली दुधात ढोबळमानाने ०.४ ते ०.५, म्हणजे पाव लिटर दुधातून एक. एका अंड्यातून अर्धा. माळकरी घरात अर्धा लिटर दूध-दही-ताक मिळून रोज पोटात गेलं तर गणित जेमतेम जमतं, पण आधीपासूनच साठा रिकामा असेल तर तेवढ्याने भरत नाही. तिथे गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांकडून. आणि ताक म्हणजे ताक, एका वाटी दह्याचं तांब्याभर केलेलं पाणी नव्हे. स्पिरुलिना, शेवग्याची पावडर, मोड आलेली मटकी यांत बी-१२ मिळतं असं फिरतंय. स्पिरुलिनात असतं ते शरीराला न चालणारं रूप आहे, बाकी दोन्हींत नाहीच.

आणखी एक गट हुकतो: पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेत असलेल्या बायका. ते औषध दीर्घकाळ घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. दिवस राहावेत म्हणूनच ते चालू असतं, आणि साठा मात्र रिकामा होत असतो. रजिस्टरमध्ये हे विचारून घ्या.

आयोडीन. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि विसाव्याच्या आसपास भागवायला लागते. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईकडूनच. गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना निदान १५ पीपीएम असायला हवं, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १२०. उरलेलं दूध-अंड्यातून. आता ज्या घरात "सैंधव आरोग्याला चांगलं" म्हणून सगळंच मीठ बदललंय तिथे हा आकडा जवळपास शून्यावर येतो. मीठ कमी खाल्लं तर चालेल, पण जे खाल ते आयोडीनचं. चुलीजवळच्या उघड्या वाडग्यातलं मीठ ओल आणि उष्णतेने आयोडीन गमावतं. झाकणाची बरणी, आणि मीठ भाजी उतरवताना. मीठ तपासायच्या किटचे दोन थेंब टाकून निळसर जांभळा रंग बैठकीतच दाखवा. शेजारी सैंधवावरही दोन थेंब टाका. दहा मिनिटांचं भाषण वाचेल.

लाल गोळीबद्दल वेगळं लिहितो, ते जरा लांब आहे.

---

ताकभात

लाल गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून. हे सगळं कार्डावर असतं. कार्डावर नसतं ते वेळापत्रक, आणि घोटाळा तिथेच होतो.

घरोघरी काय होतं पाहा: रात्री झोपताना केशर घातलेलं दूध, त्याच दुधाबरोबर लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी, "एकदाच काय ते". दूध आणि कॅल्शियम दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. सकाळी घेतली तर चहाबरोबर. चहातलं टॅनिन तेच करतं. गोळी रोज खाल्ली, हिमोग्लोबिन हललं नाही, मग "सरकारी गोळीत दम नाही".

जमणारं वेळापत्रक: कॅल्शियम न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर. रात्रीचं जेवण आठला, लाल गोळी दहाला झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. रात्रीचं दूध संध्याकाळी पाच-सहाला सरकवायचं. लोह आणि कॅल्शियममध्ये निदान दोन तास, चहा-कॉफी गोळीच्या किंवा जेवणाच्या आधी-नंतर एक तास नाही. झोपेत गेल्यामुळे मळमळही कमी जाणवते. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. ते आधीच सांगून ठेवलं की घाबरणं टळतं.

हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या. महिन्याभरात निदान १ ग्रॅमने वाढलं नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवायचं. ५ ते ६.९ असेल तर गोळ्यांवर वेळ न घालवता लगेच पाठवायचं, शिरेतून लोह लागतं. ५ च्या खाली तर दाखल करायचंच.

"९ वर अडकलंय" अशा बायकांत बी-१२ ची शंका घ्या. दोन्ही कमी असले की चाचणीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फसवतो: लोहाच्या कमतरतेने पेशी लहान, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या, सरासरी नॉर्मल दिसते. तेव्हा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलेला आहे का पाहायचं. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, पहिले तीन महिने उलटल्यावर एकदा.

तासगावात असल्याने बेदाण्याबद्दल बोलावंच लागेल. मूठभर बेदाण्यातून लोह एखाद-दोन मिलिग्रॅम. गरज दिवसाला २७. आवडतो म्हणून खा, गोळीऐवजी नको. त्यापेक्षा लोखंडी कढईत आमसूल-टोमॅटो घातलेली पालेभाजी जास्त देऊन जाते.

"दोन जिवांचं खा" हे मात्र खोडून काढा. वाढीव गरज ३५० किलोकॅलरींची आहे: एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर घट्ट आमटी.

---

छाटणी

चौथ्या प्रश्नावर. द्राक्षातली सगळी कामं सारखी धोक्याची नाहीत, आणि नेमकं हेच सांगितलं तर बायका ऐकतात.

पेस्टिंग पूर्ण बंद. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. कमरेला डबा, हातात स्पंज किंवा कापडाचा बोळा, आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ. हे द्रव्य कातडीतून शरीरात जातं. युरोपच्या वर्गीकरणात ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला हानिकारक असल्याचा संशय असलेल्या गटात आहे. सुती हातमोजे घालणं म्हणजे भिजलेला बोळा हाताला दिवसभर बांधून ठेवणं. नायट्राइलचे लांब मोजेच चालतात, पण गरोदर बाईसाठी उत्तर मोजे हे नाही, दुसरं काम हे आहे. ही कामं छाटणीनंतर एक-दोन दिवसांतच उरकतात, त्यामुळे टाळायचे दिवस मोजकेच असतात. मुकादमाला आधीच सांगता येतं. (जाता जाता: पेस्ट लावणाऱ्या गड्याने त्या दिवशी दारू घेतली तर चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या. तोही निरोप द्या.)

डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं: त्यातलं जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) स्वतः फार विषारी नाही. पण बादलीत नुसतं जीए क्वचितच असतं. सीपीपीयू (मणी फुगवणारं द्रव्य), एखादं बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही त्याच पाण्यात. "बादलीत काय काय आहे" हे विचारायला शिकवा. उत्तर मिळालं नाही तर ते काम नको.

विरळणी आणि पानं काढणं: मांडवाखाली हात वर करून काम, म्हणजे पानांवरचं सगळं हातावर, मानेवर, तोंडावर. पान वाळलं म्हणजे औषध गेलं असं नाही. लेबलवर पुन्हा बागेत जायचा कालावधी दिला असेल तर तो पाळायचा. दिला नसेल तर मी २४ तासांच्या आत कोणालाच पाठवत नाही, गरोदर बाईला ४८. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, आणि जेवणाआधी हात साबणाने. नुसतं पाण्याने नाही, कारण बरीच औषधं तेलकट घटकांत असतात.

आता डब्यावरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एकदम पोटात गेलं तर किती विषारी एवढंच सांगतात. गर्भावर हळूहळू काय होतं हे त्यात येत नाही. मँकोझेब या बुरशीनाशकाचं उदाहरण घ्या. तीव्र विषारीपणा कमी, त्यामुळे पुड्यावर लाल-पिवळा त्रिकोण नाही, आणि डाऊनी या बुरशीरोगासाठी बागेत सर्रास. पण त्याच्या विघटनातून होणारं इथिलीन थायोयुरिया थायरॉईडला त्रास देतं. युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात मँकोझेबची मान्यता नूतनीकरण न करता थांबवली, त्यामागे गर्भावरच्या परिणामाचं कारणही होतं. म्हणजे वर ताकभात यांनी आयोडीनचं जे लिहिलंय, त्याच ग्रंथीवर दुसऱ्या बाजूने घाव. सैंधव खाणारी आणि विरळणीला जाणारी बाई असेल तर मीठ आधी बदला.

मेंदूबद्दल: कॅलिफोर्नियात सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांत गरोदर मातांच्या लघवीतले ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश मोजले गेले. सर्वांत जास्त अंश असलेल्या एक पंचमांश मातांची मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्या एक पंचमांश मातांच्या मुलांच्या तुलनेत सरासरी ७ गुणांनी कमी भरला. हे विषबाधा होऊन दवाखान्यात गेलेल्या बायकांचे आकडे नाहीत. रोजच्या साध्या संपर्काचे आहेत.

घरात: नवऱ्याचे फवारणीचे कपडे घरात आणायचेच नाहीत. शेडमध्ये बदलायचे, वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायचे, आणि या नऊ महिन्यांत ते ज्याचे त्याने धुवायचे. रिकाम्या कॅनमध्ये पाणी, तेल, धान्य काही नाही. तीन वेळा विसळला तरी नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी चालू असताना थांबू नये. खायच्या द्राक्षांची मात्र एवढी चिंता नको, वाहत्या पाण्यात चोळून धुवा आणि खा.

---

कथील

शिशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

शिसं शरीरात हाडांत साठतं, कॅल्शियमच्या जागी बसून. तिथे ते दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईची हाडं झिजतात आणि त्याबरोबर लहानपणी साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. नाळ ते अडवत नाही. म्हणून दोन बाजूंनी काम करायचं: नवं आत जाऊ द्यायचं नाही, आणि हाडं झिजू द्यायची नाहीत. मेक्सिको सिटीतल्या चाचणीत गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तेव्हा रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. कार्डावरच्या त्या दोन पांढऱ्या गोळ्यांचा हा दुसरा उपयोग.

कल्हई. शुद्ध कथील महाग, शिसं स्वस्त. डाखाची तार म्हणजे कथील आणि शिशाचं मिश्रण, आणि ते कथलापेक्षा लवकर वितळतं, म्हणून कल्हई करणाऱ्याला सोयीचं. नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवलं की दोन्ही सारखंच चकाकतं. कथलाची कांडी वाकवली की करकर आवाज येतो, शिसं मिसळलं की तो दबतो. पण याने पक्कं काही कळत नाही. साधा उपाय: कथील स्वतः खात्रीच्या दुकानातून आणून द्यायचं, आणि चिंचेचं सार, कढी, टोमॅटो असलं आंबट सगळं स्टीलमध्ये. स्वस्त भंगारातून ओतलेल्या जाड ॲल्युमिनियमच्या भांड्यांतही हाच प्रश्न. अमेरिकेत सिॲटलकडच्या किंग काउंटीत तपासलेल्या भांड्यांत भारतीय हिंडालियमच्या कढया-पातेल्यांतून शिसं उतरताना सापडलं. इथून बॅगेत भांडी नेणाऱ्यांनी हे वाचावं.

हळद. तुम्ही सांगली बाजाराच्या शेजारी, तेव्हा "आम्ही हळकुंडं आणून दळतो" हे उत्तर ठरलेलं. पण लेड क्रोमेटची भेसळ जिथे सापडली, म्हणजे बांगलादेश आणि बिहार-आसामकडचे बाजार, तिथे ती पॉलिश करताना हळकुंडावरच चढवलेली आढळली. म्हणजे अख्खं हळकुंड म्हणजे आपोआप शुद्ध असं नाही. बिनपॉलिशचं, मातकट दिसणारं घ्या. भडक पिवळं हळकुंड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकून बघा. लगेच रंग सुटला तर ते परत करा.

शेंदूर बऱ्याचदा शिशाचाच असतो. कपाळाला लावून हात न धुता कणीक मळायची नाही. सुरम्याचंही तेच. खानापूर-आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांतली बाई माहेरी आली असेल तर घरात चांदी गाळायचं काम चालतं का विचारा. त्यात शिसं वापरायची पद्धत जुनी आहे. भट्टीचे कपडे घराबाहेर, फवारणीसारखंच.

आणि औषधं. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, नावातच आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर स्त्रिया शिशाच्या विषबाधेच्या सापडल्या, सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. कोणी "मुलगाच व्हावा" म्हणून दिलेली पुडी घेत असेल, तर ती पुडी कोणी दिली यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. पुडी ताब्यात घ्या आणि रक्तातलं शिसं तपासायला पाठवा. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर स्रोत शोधायचाच.

आता मिश्री, जी मी पहिल्या क्रमांकाला ठेवीन. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनधुराची तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि साधारण सहा दिवस लवकर जन्मलेली. निकोटिनने नाळेच्या रक्तवाहिन्या आकसतात. "मी खात नाही, नुसती दातांना लावते" हा युक्तिवाद चालत नाही, हिरड्यांतून ती थेट रक्तात जाते. तव्यावर घरीच भाजली तर धूर सगळ्यांना.

सोडायला सांगताना एक गाठ आधी सोडवा. बहुतेकींना मिश्री लागते ती सकाळी पोट साफ व्हायला. लाल गोळीने बद्धकोष्ठ होतं. मग एक तर मिश्री वाढते नाहीतर गोळी सुटते. म्हणून मिश्री बंद करायच्या आठवड्यात रात्री भिजवलेले अंजीर किंवा मनुका, सकाळी दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात भाकरी आणि पालेभाजी, हे आधी सुरू करा. चिडचिड आणि डोकेदुखी दोन ते चार आठवडे राहते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत आहे.

---

रापण

थोडं अवांतर, पण कोकणातल्या लेकी-सुना वाचत असतील म्हणून. माशातला पारा हा माशाच्या आकाराचा आणि वयाचा हिशोब. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील बिनधास्त, आठवड्यातून दोन-तीनदा. मोठी सुरमई क्वचित. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं (शार्कचं) कालवण देतात, ती लहान पिल्लाची असेल तर एखाद वेळ ठीक, मोठी मुशी गरोदरपणात नको. पारा रक्तातून निम्मा व्हायलाच सुमारे पन्नास दिवस लागतात, तेव्हा काळजी दिवस राहण्याआधीपासून.

---

उपकेंद्रातली ताई

खूप आभार. मीठ-किटचा प्रयोग या महिन्यातच करते. दोन शंका. चुलीचं काय? गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात. आणि पपईवर काय उत्तर देऊ? टाळून चालत नाही.

---

छाटणी

पपईला तीस सेकंद द्या. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून कच्ची नको. पूर्ण पिकलेली चालते. ग्रहणात गोळीची वेळ चुकवू नका. पुढे चला.

चुलीबद्दल मी जरा उलट बोलणार आहे. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर स्त्रियांच्या चाचणीत निम्म्यांना गॅस आणि मोफत सिलिंडर दिले. श्वासातले सूक्ष्म कण ७० वरून २४ मायक्रोग्रॅमवर आले, पण बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. निकाल २०२२ चा. याचा अर्थ धूर निरुपद्रवी असा नाही. दम्याची, खोकल्याची, आईच्या रक्तदाबाची बाजू आहेच. पण चाळीस मिनिटांत चुलीला पंधरा आणि मिश्रीला पाच असं करू नका.

---

ताकभात

यावर दुरुस्ती एवढीच, की त्या चाचणीत गॅस आला तोवर नववा ते विसावा आठवडा उजाडला होता. पुन्हा तारखेचाच मुद्दा. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या अभ्यासात पालेभाजी, फळ आणि दुधाचा रोजचा खाऊ दिवस राहण्याआधीपासून दिला गेला. सगळ्या बायका मिळून बाळाच्या वजनात फरक नगण्य. पण ज्यांनी गर्भधारणेच्या तीन महिने आधी सुरू केलं होतं त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ ऐवजी ७.३ टक्क्यांना झाला. फार हडकुळ्या मातांत वजनाचा फायदा दिसला नाही, हेही खरं. तेव्हा पात्र जोडप्यांच्या रजिस्टरवर वेगळी अर्ध्या तासाची बैठक मागून घ्या.

चूल पेटवायचीच असेल तर आंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर आणि स्वयंपाक गॅसवर. उलट करतात बऱ्याच घरी.

---

मोजमाप

हिमोग्लोबिन ९ वर अडकलंय म्हणालात, त्याबद्दल एकच. मोजणी कशी करता ते आधी तपासा. थंड हात, बारीक टोचणी, मग बोट पिळून काढलेला थेंब: त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हात कोमट पाण्यात धरून कोरडा करायचा, मधलं किंवा अनामिका बोट, टोकाच्या मधोमध नाही तर जरा कडेला टोचायचं. पहिला थेंब कापसाने पुसायचा, दुसरा आपोआप येऊ द्यायचा, आणि पट्टी एका दमात भरायची. अर्धी भरून पुन्हा लावली की हवेचा बुडबुडा अडकतो. पट्ट्यांच्या डबीवर उघडल्याची तारीख लिहा. दमट हवेत उघडी राहिलेली डबी लवकर बिघडते.

आणि २८ ते ३२ आठवड्यांत रक्तातलं पाणी सर्वांत जास्त असतं, तेव्हा आकडा तसाही खाली येतो. विसाव्या आठवड्यात ९.२ आणि तिसाव्यात ९.१ असेल तर गोळी लागूच पडत नाही असं लगेच म्हणू नका, पण महिन्याभरात १ ग्रॅमने वाढलं नाही तर वर पाठवायचं हे तिलाही लागू. तिला "काही उपयोग नाही" म्हणून घरी पाठवू नका.